इंजिन बांधलं तरी निळा धूर परत आला? क्रमाने काय तपासायचं

पिस्टनच्या रिंगा बदलल्या, पॅकिंग किट नवं टाकलं, हजार-दीड हजार किलोमीटर गाडी झकास पळाली आणि मग सायलेन्सरमधून पुन्हा निळा धूर. जुनी पेट्रोल गाडी घरी उघडणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक असते. एक तर दोष रिंगांचा नव्हताच, किंवा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, न मोजता नव्या रिंगा घातल्या. दोन्ही चुका इंजिन उघडण्याआधी किंवा उघडल्यावर लगेच सापडतात, आणि त्यासाठी लागणारी हत्यारं फार महागही नाहीत.

खालचे आकडे मारुती ८०० आणि ओम्नीच्या तीन सिलेंडरच्या ७९६ सीसी इंजिनाला धरून आहेत: बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिमी. दुसरं साधं पेट्रोल इंजिन असेल तर आकडे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या, क्रम हाच ठेवा.

लक्षणं

धूर कधी येतो यावर अर्धं निदान होतं. रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्या सेल्फला निळा भपका टाकते आणि मिनिटभरात स्वच्छ होते, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारी रबरी टोपी) गेलेत. रात्रभरात गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, ऑइल खाली झिरपलेलं असतं. चढावर, लोड असेपर्यंत सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर. उतारावर एक्सिलेटर सोडून उतरल्यावर खाली पाय देताच एकदाच मोठा ढग निघतो, तो पुन्हा सील-गाइडचा. एक्सिलेटर बंद असताना इनटेकमध्ये व्हॅक्युम जोरात तयार होतो आणि ढिल्या सीलमधून ऑइल ओढून घेतो.

साताऱ्यात असाल तर यवतेश्वर घाट ही फुकटातली चाचणी आहे. कासच्या दिशेने दुसऱ्या गिअरवर चढवा, परत येताना दुसऱ्याच गिअरवर पाय सोडून उतरवा. सांगली-मिरजेला घाट नाही. तिथे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ६० पर्यंत न्या, एक्सिलेटर पूर्ण सोडून ३० वर येऊ द्या आणि मग दाबा. धूर बघायला मागच्या गाडीत माणूस बसवा, आरशातून निळा आणि पांढरा यातला फरक कळत नाही.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तिथे कार्ब्युरेटर, चोक किंवा सेन्सर बघायचा, या लेखाचा संबंध नाही. पांढरा धूर थंडीच्या सकाळी सगळ्याच गाड्या टाकतात. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) गेलंय. आणि पीयूसी पास झाली म्हणून इंजिन बरं, असं समजू नका. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, ऑइल किती जळतंय हे नाही.

पैसे न घालता होणाऱ्या तपासण्या

आधी ऑइल खरंच किती कमी होतंय ते मोजा. सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा, वरच्या खुणेपर्यंत भरा, ५०० किमी चालवा, तशाच जागी पुन्हा बघा. मापाच्या बाटलीने जितकं घालावं लागलं तितका खर्च. ५०० किमीला १०० ते १५० मिली लागत असेल तर जुन्या गाडीला ते काहीच नाही, तिला हात लावू नका. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर पुढे वाचा.

डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसली तर तोच दोष असू शकतो. या इंजिनात फिल्टरसह साधारण तीन लिटर मावतं. डबा साडेतीनचा असेल तर सर्व्हिसला सगळाच ओततात. जादा ऑइलला क्रँक घुसळते, फेस होतो, तो ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढणाऱ्या पाइपातून) इनटेकमध्ये जाऊन जळतो. जादा ऑइल काढा, ५०० किमी परत मोजा.

मग गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, क्रँकचं पुढचं-मागचं ऑइल सील, चेंबरचं (खालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग इथून गळणारं ऑइल बऱ्याचदा "गाडी ऑइल खाते" या नावावर जमा होतं. धूर नाही आणि ऑइल कमी, तर नव्वद टक्के गळतीच.

त्यानंतर ब्रीदर. टॅपेट कव्हरवरून इनटेककडे जाणारा पाइप आणि त्यातला पीसीव्ही, म्हणजे चेंबरमधला वायू इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह. कार्बनने तो चोंदला की चेंबरमधला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि ऑइल सील फोडून किंवा रिंगांवरून वर येतो. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवा. निरोगी इंजिन कागद किंचित ओढून धरतं. कागद उडत असेल, तोंडातून फुस-फुस करत ठोक्यावर धूर येत असेल तर आधी पीसीव्ही पेट्रोलने धुवा, हलवून खुळखुळ आवाज येतो का बघा, नसेल तर बदला. नवा बसवूनही कागद उडतोच, मग कॉम्प्रेशन रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतंय. नवीन रिंगा टाकलेल्या इंजिनात ब्रीदर तपासायचा राहिला म्हणून पुन्हा हेड उघडलं जातं, हे फार वेळा होतं.

आणि एअर फिल्टर. उसाच्या हंगामात गाडीरस्त्याची माती, मुरमाच्या रस्त्यांची धूळ आपल्याकडे कमी नाही. फिल्टर नवा असला तरी त्याच्या डब्याचं रबर बसलेलं नसेल किंवा डब्यापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या पाइपला भेग असेल तर धूळ सरळ आत जाते. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूला बोट फिरवा. बोटाला माती लागली तर रिंगा कशामुळे गेल्या ते कळलं, आणि ही गळती न बुजवता टाकलेल्या नव्या रिंगाही तशाच जाणार.

कॉम्प्रेशन: कोरडं आणि ओलं

स्क्रूने बसणारा साधा गेज घ्या, रबर दाबून धरायचा नको, त्यात हवा सुटते. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा. प्लग काढण्याआधी भोवतालची माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. कॉइलची वायर सोडा, पेट्रोल बंद करा. एक्सिलेटर पूर्ण दाबून धरायला कोणाला तरी बसवा. एक्सिलेटर बंद ठेवला तर आत हवाच जात नाही आणि चांगलं इंजिनही खराब दिसतं. सेल्फ मारून पाच-सहा ठोके मोजा. बॅटरी कमजोर असेल तर ही चाचणी करू नका.

निरोगी इंजिन १२ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास दाखवतं. ९ च्या खाली संशय, आणि दोन सिलेंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर तो फरक एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचा. महाबळेश्वर-पाचगणीला मोजत असाल तर हवा विरळ असल्याने तेच इंजिन सांगलीपेक्षा नऊ-दहा टक्के कमी दाखवेल. त्याला दोष समजू नका.

आता प्रत्येक सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल घाला, दोन-तीन ठोके फिरवा, परत मोजा. ऑइल रिंगांभोवती फट बुजवतं. आकडा दोन-तीन किलोने वर गेला तर रिंगा-बोअर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा गॅसकेट गेलंय. शेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली असतील तर त्या दोघांमधलं गॅसकेट उडालं असं धरा.

कॉम्प्रेशन तिन्हीकडे ११-१२ आहे आणि तरीही निळा धूर आहे? मग कॉम्प्रेशन रिंगा ठीक आहेत. दोष व्हॉल्व्ह सीलचा, नाहीतर ऑइल रिंग कार्बनने चिकटल्याचा. ऑइल रिंगचं काम कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही. इथे पिस्टन काढायची घाई करू नका, आधी सील बदलून बघा.

व्हॉल्व्ह सील

हेड न उतरवता हे काम होऊ शकतं. ज्या सिलेंडरचं काम, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर वर येण्याच्या थोडा आधी थांबवा. प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी, मीटरभर, एक टोक बाहेर ठेवून आत भरा. क्रँकची पुली पान्याने हलकेच फिरवली की दोरी व्हॉल्व्हना खालून दाबून धरते आणि ते आत पडत नाहीत. रॉकर काढून स्प्रिंग दाबा, व्हॉल्व्हचे लॉक चुंबकाने उचला. हेडवरची ऑइल परतीची भोकं आधी चिंध्यांनी बुजवा. एक लॉक चेंबरमध्ये पडला की चेंबर खोलावा लागतो. नवं सील ऑइल लावून, योग्य मापाच्या गोटीने (सॉकेटने) सरळ ठोका. वाकडं बसलेलं सील आठवडाभरात फाटतं. रॉकर शाफ्ट काढायला गाडीत जागा मिळत नसेल तर मात्र हेड उतरवूनच करा, झटापट नको.

सील काढल्यावर व्हॉल्व्ह आडवा हलवून बघा. हाताला टकटक जाणवण्याइतका तो गाइडमध्ये डोलत असेल तर नवं सील महिनाभरच टिकेल. गाइड बदलणं हे मशीन शॉपचं काम, घरी ठोकून बसवलेला गाइड सीटशी सरळ रेषेत राहत नाही.

हेड उतरवल्यावर

टायमिंग बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवा, फोटो काढा. हेडचे बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत सैल करा, एकदम एक बोल्ट काढला तर हेड पीळ खातं. इंजिन थंड असतानाच.

हेडवर चांगली लोखंडी सरळपट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.०५ मिमीची पाती कुठेही शिरली तर हेड फेसिंगला (तोंड घासून सपाट करायला) पाठवा. सांगली-मिरज पट्ट्यात बोअरवेलचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची सवय असते. हेडच्या वॉटर जॅकेटमध्ये पांढरा थर दिसला तर गाडी तापत होती हे समजा. फेसिंग करताना चिरेची तपासणीही सांगा, आणि पुढे कूलंटच वापरा.

हेड उलटं ठेवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत व्हॉल्व्हभोवती ओल आली तर ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग करा, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर फिरवून घासा. सीटवर एकसारखी करडी पट्टी दिसेपर्यंत, त्याहून जास्त नाही. पेस्टचा कण मागे राहता कामा नये.

बोअर: इथेच बहुतेकांची चूक होते

सिलेंडरच्या वरच्या टोकाला, रिंग जिथपर्यंत पोचत नाही तिथे, नखाला लागणारी कड आहे का बघा. कड अडली म्हणजे खाली बोअर झिजला. किती झिजला हे बोअर गेजशिवायही काढता येतं, आणि घरी काम करणाऱ्यासाठी याहून स्वस्त माप नाही.

एक नवी वरची रिंग घ्या. ती बोअरमध्ये घाला आणि उलट्या पिस्टनने ढकलून तळाशी न्या, जिथे रिंग कधीच घासत नाही. पिस्टनने ढकलल्यामुळे ती आडवी, सरळ बसते. आता रिंगच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, कडेच्या लगेच खाली आणून पुन्हा मोजा. दोन्हींमधला फरक ३.१४ ने भागा, आलेलं उत्तर म्हणजे बोअरच्या व्यासातली झीज. खाली फट ०.२५ मिमी, वर ०.६० मिमी आली तर फरक ०.३५; भागिले ३.१४ म्हणजे ०.११ मिमी. एवढ्या बोअरमध्ये नवी रिंग प्रत्येक ठोक्याला वर गेली की पसरते, खाली आली की आवळते. मिनिटाला हजारो वेळा. ती बसत नाही, आणि दीड हजार किलोमीटरला धूर परत येतो तो याच कारणाने. रिंग कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

०.०५ मिमीपर्यंत होनिंग (बोअरला दगडाने बारीक रेघा पाडणं) करून नुसत्या रिंगांवर भागतं. ०.०५ ते ०.१० मध्ये भागेल, पण पुन्हा उघडायची तयारी ठेवा. ०.१० च्या वर बोअरिंगशिवाय, म्हणजे मशीनवर बोअर मोठा करून घेतल्याशिवाय, इलाज नाही. रिंगची फट मोजून बोअर अंडाकृती झालाय का हे मात्र कळत नाही, त्यासाठी शॉपमध्ये बोअर गेज लावून घ्या.

बोअरिंग ठरलं तर आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक पाठवा. ०.२५ की ०.५० मिमी ओव्हरसाइझ, हे शॉपवाल्याने बोअर बघून सांगितलेलं बरं. पण प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला मोजून करायचा असतो. पिस्टन नसताना "पन्नास पॉइंट (०.५० मिमी) मारून दे" सांगितलं तर अंदाजाचं काम मिळतं. होनिंगच्या रेघा तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात. त्यांच्यात ऑइल टिकतं. गुळगुळीत आरशासारखा बोअर आला तर परत पाठवा.

ब्लॉक घरी आला की धुवायचा. डिझेल किंवा पेट्रोलने नव्हे. त्याने ऑइल निघतं, होनिंगच्या दगडाची पूड रेघांमध्येच राहते. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि कडक ब्रश, तीन-चार वेळा. नंतर पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवा. फडकं करडं झालं तर परत धुवा. पांढरंच निघालं की लगेच ऑइल लावा, ओला बोअर पावसाळ्यात अर्ध्या तासात तांबूस होतो. ही एक पायरी गाळल्यामुळे नवं बोअरिंग काही हजार किलोमीटरमध्ये जातं.

रिंगा घालताना पिस्टनच्या खाचांमधला कार्बन जुन्या मोडक्या रिंगच्या तुकड्याने खरवडा. नवी रिंग खाचेत ठेवून वर-खालची फट ०.१२ मिमीच्या वर असेल तर पिस्टनच बदला. रिंगची खूण असलेली बाजू वर. तीन भागांच्या ऑइल रिंगमधला नागमोडी एक्सपांडर: त्याची दोन टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, एकावर एक चढली नाही पाहिजेत. चढलेली टोकं असताना पिस्टन आत जातो, इंजिन फिरतं, कॉम्प्रेशनही येतं, आणि गाडी पहिल्या दिवसापासून ऑइल खाते. सगळ्या रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

बेअरिंग आणि जोडणी

कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडला, त्याच बाजूने. काढण्याआधी पंचने खुणा करा. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (टोपी आवळल्यावर चपटा होणाऱ्या मऊ धाग्याने) मोजा: ०.०२ ते ०.०४ मिमी चांगली, ०.०८ च्या वर नाही. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल भागावर) नखाला ओरखडा लागला तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइझ बेअरिंग. पॉलिश पेपरने घासून चालत नाही, जर्नल गोल राहत नाही.

हेड बोल्टची भोकं ब्लॉकमध्ये कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत.

इथे थांबा

इंजिनमधून खालून जड ठक-ठक येत असेल किंवा चालू इंजिनात ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर चालवून बघू नका, उचलून न्या. ब्लॉकला किंवा हेडला चीर, फिरलेलं बेअरिंग, वाकलेला रॉड: हे घरचं काम नाही. टर्बो डिझेलने निळा धूर टाकला तर सेल्फही मारू नका. टर्बोतून ऑइल इनटेकमध्ये गेलं तर चावी काढूनही इंजिन बंद होत नाही. बीएस ६ गाडीत सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या हिशेबाने काम चालतं, ती वर्कशॉपलाच द्या.

सांगली भागात जुनी गाडी घेतली असेल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती बुडाली होती का ते विचारा. पाणी भरलेल्या इंजिनाला सेल्फ मारला की पाणी दबत नाही, रॉड वाकतो. अशा गाडीत सगळे पिस्टन वर आणून त्यांची उंची ब्लॉकच्या तोंडापासून मोजा. एक जरी खाली राहिला तर रॉड तपासायला द्या.

ब्लॉकच बदलायची वेळ आली तर नवा इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या, एमएच १० असो, ११ असो की ५०. नाहीतर पंधरा वर्षांच्या पासिंगला गाडी अडते.

पहिले हजार किलोमीटर

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, म्हणजे कोरडं बेअरिंग फिरत नाही. सुरू झाल्यावर दारात अर्धा तास आयडलला ठेवू नका. रिंगा बसायला लोड लागतो, नुसत्या आयडलने बोअरला काचेसारखी चमक येते आणि रिंगा कधीच बसत नाहीत. गळती बघा, पाणी बघा आणि रस्त्यावर काढा: तिसऱ्या गिअरला ३० वरून ५० पर्यंत दाबून न्या, पाय सोडून परत ३० वर या, असं दहा-पंधरा वेळा. साधं मिनरल २०डब्ल्यू-४० वापरा, सिंथेटिक पुढे बघू. हजार किमीपर्यंत माल भरून घाट नको.

५०० किमीला ऑइल आणि फिल्टर बदला आणि ते ऑइल पांढऱ्या तसराळ्यात काढा. चुंबक फिरवल्यावर बारीक करडी पूड चिकटली तर रिंगा बसताहेत, काळजी नाही. चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा चमचमीत पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. नवं ऑइल ओतू नका, चेंबर खोला.